रिठद विमानतळावरची बाई

उत्तमरावांनी रिठदच्या शिवारात विमानतळ बांधला, तेव्हा त्यात धावपट्टी ठेवली, वाऱ्याचा रोख दाखवणारी लाल-पांढरी पिशवी ठेवली, पत्र्याचं एक शेड ठेवलं, आणि शेजारच्या पंजाबरावांनी फारच डोकं खाल्लं म्हणून एक पाणपोईसुद्धा ठेवली. बाई काही ठेवली नव्हती. आणि पहिलंवहिलं विमान उतरायला आलं, तर धावपट्टीच्या मधोमध बाई उभी!

थांबा, विमानतळ म्हटल्यावर लगेच कान टवकारू नका. रिठदच्या लोकांनी टवकारले होते, त्याचं काय झालं ते पुढं येतंच. हा विमानतळ कम्प्युटरमधला. उत्तमराव बांधकाम खात्यात आरेखक होते. जन्मभर त्यांनी कागदावर रस्ते काढले. कागदावर ते रस्ते अगदी सरळ असायचे. जमिनीवर उतरले की कोणाच्या गोठ्याला वळसा घाल, कोणाच्या सोयऱ्याची विहीर चुकव, असं करत करत भलतीकडेच निघायचे. हे दुःख पोटात घेऊन माणूस रिटायर झाला आणि वाशीमला लाखाळा भागातल्या घरात येऊन बसला. बाबांचा वेळ जावा म्हणून पुण्याच्या मुलानं, स्वप्निलनं, आपला जुना कम्प्युटर, विमान चालवायचा दांडा आणि विमान उडवायचा एक गेम घरी आणून दिला. गेम हा शब्द उत्तमरावांना बिलकुल खपत नसे. ते त्याला 'सराव' म्हणत. कशाचा सराव, ते विचारायची सोय नव्हती. साधनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा विचारून पाहिलं, "कुठी विमान चालवाले जाच हाय का तुमाले?" तर माणूस रात्रीपर्यंत घुम्यासारखा बसून राहिला.

या सरावात अख्खी पृथ्वी असते. जमीन म्हणजे आभाळातून काढलेले खरेखुरे फोटो, त्यावर डोंगर, नद्या, झाडं. मोठी विमानतळं आधीपासूनच असतात. बारक्या गावांची कोण देतो? मग काही हौशी माणसं घरबसल्या विमानतळाचं सामान तयार करतात आणि इंटरनेटवर फुकट ठेवून देतात. आपण ते उतरवून घ्यायचं, जागा ठरवायची, तिथली झाडं पुसायची, जमीन सपाट करायची आणि सगळं एका ठरावीक फोल्डरमध्ये टाकायचं. झाला विमानतळ. ना भूसंपादन, ना टेंडर, ना फीत कापायला मंत्री. नोकरीत असं एक तरी काम आपल्या वाट्याला यायला हवं होतं, असं उत्तमरावांना फार वाटलं.

जागा त्यांनी निवडली ती स्वतःच्या वावराची. तिथली जमीन सपाट आहे, असं घरात सांगितलं. ते साफ खोटं होतं. खरं कारण असं, की सरकारी मोजणी झाली त्या दिवसापासून त्यांनी त्या वावरात पाय ठेवला नव्हता. दोघा भावांची वाटणी आई जिवंत असतानाच झाली होती, आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे दोन हिश्शांमधल्या मातीच्या बांधावरून, असं काही वाजलं की मोजणी आणून दगड रोवावे लागले. धाकटा जगदेव म्हणे, दादानं धुरा कोरला. दादा म्हणे, जगदेवनं कोरला. उत्तमरावांनी मग रागाच्या भरात आपला हिस्सा सख्ख्या भावाला न देता सोमला नावाच्या परक्या माणसाला ठोक्यानं, म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम घेऊन, करायला दिला. हे म्हणजे भर गावात भावाच्या तोंडात मारण्यासारखंच झालं. बोलणं बंद झालं. आई गेली, तिच्या तेरवीला दोघं भाऊ एकाच मांडवात दोन टोकांना बसले. ते वावर एकदा पाहावं म्हणून उत्तमरावांचा जीव तुटे, पण जगदेवच्या डोळ्यांसमोरून जायची छाती होत नव्हती. विमानातून पाहिलं तर कोणाला काय कळतंय?

तर एका सकाळी काम सुरू झालं. स्वप्निल पुण्याहून फोनवर.

"बाबा, झिप फाइल उघडा. आत एक फोल्डर दिसतं?"

"दिसते. त्याच्या आतमंदी त्याच नावाचं आनखी एक हाये."

"बाहेरचं सोडा, आतलं उचला."

"आतल्याच्याही आत हाये एक!"

"बाबा, तुम्ही झिप कितीदा उघडली?"

दर वेळी लाईट जायची आणि दर वेळी उत्तमराव नव्यानं सुरुवात करायचे, त्यामुळे फोल्डरच्या पोटात फोल्डर अशी वंशावळच तयार झाली होती. शेजारी खुर्ची टाकून पंजाबराव बसले होतेच. हे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. आवाज इतका मोठा की माईक नसतानाही गाडी फलाटावरून हलायची. ऐकू मात्र कमी. त्यांच्या मते विमानतळ आणि बसस्टँड यात फक्त उंचीचा फरक.

"पयले पाणपोई टाक," ते म्हणाले. "मंग मुतारी. धावपट्टीचं मागून पाहू. स्टँडवर गाडी नसली त मानूस थांबते, पानी नसलं त थांबत नाही."

मुतारी त्या सामानात नव्हती. पाणपोई म्हणून उत्तमरावांनी एक सिमेंटची टाकी ठेवली. मग सगळ्यात नाजूक काम आलं. वावरावरची झाडं पुसायची आणि जमीन सपाट करायची. फोटोत धुरा दिसत होता, त्यावरच्या बाभळी दिसत होत्या. धावपट्टी बरोबर त्यावरून आडवी जात होती, या हिश्शातून त्या हिश्शात. उत्तमरावांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी बटण दाबलं. धुरा गेला. सरळ रेघ पाहून त्या माणसाला इतकं बरं वाटलं, की त्यांनी साधनाबाईंकडं चहा मागितला आणि तो मिळायच्या आधीच छान झाला म्हणून सांगितलं.

पहिलं उड्डाण अकोल्याहून ठरलं. मेडशीवरून वळायचं आणि रिठदला उतरायचं. पंजाबरावांनी मेडशीला थांबा आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. सरावातही भर दुपार होती आणि बाहेरही. आभाळ स्वच्छ. वावर जवळ यायला लागलं तसे उत्तमराव खुर्चीत पुढं सरकले. तीच काळी माती, तीच विहीर. आणि धावपट्टीवर ती.

डोक्यावर डालं, म्हणजे मोठी टोपली, आणि हिरवं लुगडं. चेहरा म्हणाल तर नव्हताच. वरून काढलेल्या फोटोत माणसाचा जसा नुसता रंगाचा ठिपका येतो, तसं तोंडाच्या जागी काहीतरी पुसट.

"अबे, बाई हाये न आडवी! हॉर्न वाजव!" पंजाबराव ओरडले.

"विमानाले हॉर्न नसते."

"मंग परमिट कसं देलं याले?"

उत्तमरावांनी दांडा मागं ओढला. विमान बाईच्या डोक्यावरून गेलं. त्यांनी फेरी मारली, परत आले. बाई चार पावलं पुढं सरकलेली. परत फेरी. बाई आता थांबून वर पाहत होती, कपाळावर हात आडवा धरून. शेवटी इंधन संपत आलं आणि विमान अकोल्याला परत न्यावं लागलं. स्वतः बांधलेल्या विमानतळावर आपल्यालाच उतरता येऊ नये, याचं उत्तमरावांना भारी वाईट वाटलं. त्यांनी सामान बनवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि स्वप्निलला फोन लावला.

"बाबा, त्या पॅकेजमध्ये माणसंच नाहीत," स्वप्निल म्हणाला. "फोटो पाठवा बरं." फोटो गेला. स्वप्निलनं तो मोठा करून पाहिला. मग तो हळूच म्हणाला, "बाबा, तुमचा कम्प्युटर जुना आहे ना, म्हणून मी सावल्या बंद करून ठेवल्या होत्या. तुम्ही चालू केल्या का?"

उत्तमरावांनी चष्मा पुसून पाहिलं. विमानाला सावली नव्हती. शेडला नव्हती. टाकीला नव्हती. भर दुपारची, पायाखाली गोळा झालेली काळी सावली एकट्या बाईला होती.

"मी कायले चालू करू?" ते म्हणाले आणि त्यांनी कम्प्युटर बंद केला. बंद कसला केला, वायरच उपसली.

शहाण्या माणसानं इथंच थांबायला पाहिजे होतं. पण उत्तमराव सरकारी माणूस. जे दिसलं ते पुन्हा दिसतं का, हे तपासल्याशिवाय त्यांना मानता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा उड्डाण. बाई होती. तिसऱ्या दिवशी होती. विमान यायच्या आत ती त्यांच्या हिश्शाकडून निघायची, धावपट्टीवरून हळूहळू चालत जगदेवच्या हिश्शात जायची, डालं खाली ठेवायची, आणि चहूकडं पाहत उभी राहायची. मग डालं उचलून परत. एकदा इंजिनाचा आवाज अगदी बारीक केला होता, तेव्हा त्याच्या मागून काहीतरी ऐकू आलं. लांबून कोणी हाक मारावी तसं. "या रेऽऽ…" उत्तमरावांना वाटलं, आपल्याला भास झाला. पण पंजाबराव खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. पंजाबरावांना घरची बेल ऐकू येत नसे, कुकरची शिट्टी ऐकू येत नसे, बायको तर मुळीच ऐकू येत नसे.

"कोन बलावून राह्यलं बे?" ते म्हणाले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "चाल, मी येतो," म्हणून ते जे गेले, ते चप्पल विसरून गेले.

साधनाबाई तोवर या सगळ्या भानगडीपासून लांबच होत्या. चप्पल कोणाची म्हणून विचारायला आत आल्या आणि पडद्याकडं पाहून दारातच थांबल्या. उत्तमराव म्हणाले, "पाह्य न, कोन्या कारागिराची चूक…" त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. साधनाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता.

"कायची चूक वो?" त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "डावा पाय पाहा. उचलून टाकत नाही, ओढते. आत्याबाई हायत ह्या."

आत्याबाई म्हणजे त्यांची सासू. उत्तमरावांची आई. पंचफुलाबाई. तेरवी होऊन दोन पावसाळे गेले होते. उत्तमरावांना हे पहिल्या दिवशीच कळलं होतं, असं म्हटलं तर खोटं नाही; पण कळलेलं मनाला सांगायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. आता बायकोनंच सरळ बोलून टाकलं होतं. ते तसेच विमान फिरवत राहिले, कारण थांबवलं तर ते पडलं असतं. त्या दिवसापासून साधनाबाई त्या खोलीत पदर घेतल्याशिवाय येईनात. झाडताना सासूला पाठ होऊ नये म्हणून उलट्या पावली झाडत बाहेर पडत.

इकडं पंजाबरावांच्या पोटात काही राहतं का? त्यांनी रिसोडकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला आपल्या त्या आवाजात सांगितलं, की उत्तमरावांनी रिठदच्या वावरात विमानतळ टाकला आहे. 'कम्प्युटरात' हा शब्द त्यांनी सांगितला, असं ते आजही शपथेवर सांगतात. गाडी रिठदला पोचेपर्यंत विमानतळ मंजूर झाला होता. सोमलानं दुसऱ्याच दिवशी ठोक्याच्या वावरात संत्र्याची कलमं लावली, कारण भूसंपादनात झाडांचं वेगळं धरतात हे इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मेडशीच्या लोकांनी आमच्याकडं काहून नाही म्हणून कुरबुर सुरू केली. तलाठ्यांचा फोन आला. "उत्तमराव, आमच्याकडं तर वरून काहीच आलं नाही. परस्पर झालं असेल तर निदान गट नंबर तरी सांगा, उद्या मला विचारतील." उत्तमरावांनी त्यांना समजावून सांगितलं, की हा खेळ आहे. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्याला खेळ म्हटलं. तलाठी म्हणाले, "बरोबर आहे, सुरुवातीला असंच सांगतात."

आणि मग फाटकात जगदेव उभा राहिला.

एसटीतून उतरून तसाच तरातरा आलेला, घामानं निथळत. भावाकडं पाहिलं नाही. अंगणातूनच गरजला, "वयनी! थ्याले म्हना, माह्या वावरातून विमान काढ! आन धुरा पयले होता तसा करून दे!"

"अरे, तो कम्प्युटरमंदी हाये फक्त," उत्तमराव दारातून म्हणाले. तेही साधनाबाईंकडं पाहून.

"वयनी, थ्याले इचारा, सातबारा कुठी हाये? कम्प्युटरात! पीकपेरा कुठी हाये? कम्प्युटरात! मोजनीचा नकाशा कुठी हाये? थोबी कम्प्युटरातच! साहेब वावरात पाय ठेवत नाही, कम्प्युटर पाहून सई करते. आन हा म्हनते, कम्प्युटरात धुरा पुसला त काही झालं नाही?"

तीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला पक्कं माहीत होतं, की कागदावर जे आहे तेच असतं आणि वावरात जे असतं ते कोणी विचारत नाही. जगदेवचं म्हणणं पुराव्यासकट बरोबर होतं. उत्तमराव खाली मान घालून उभे राहिले. साधनाबाईंनी दिराला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, काढाचं हाये त काढू. पन पयले आत येऊन पाहून घ्या."

जगदेव आत आला तो भांडायच्या तयारीनं. पडद्यावर वावर होतं, धावपट्टी होती, आणि त्यावरून डावा पाय ओढत कोणी चाललं होतं. पायातून चप्पल काढून त्यानं ती दाराबाहेर ठेवली. कॉटच्या कडेला बसला आणि लहान पोरासारखा बघत राहिला.

"माय हाये," एवढंच म्हणाला.

त्यानंतर जगदेव रोज दुपारी येऊ लागला. तपासणीला येतो असं सांगायचा. दोघं भाऊ एका खोलीत, एक खुर्चीवर, एक कॉटवर, आणि एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. सगळं साधनाबाईंमार्फत.

"वयनी, थ्याले म्हना विमान जरा डाव्या हातानं घे. माय झाकून राह्यली."

"त्याले म्हना, वारा तिकून हाये."

"वयनी, थ्याले म्हना, आपल्या मायपेक्षा वारा मोठा हाये का?"

विमान डावीकडून जायचं. भिंतीतून कधी ओल्या मातीचा वास यायचा, दांड्यावर कडब्याची बारीक धूळ साचायची. साधनाबाई ती रोज पुसत आणि कोणाला बोलत नसत. सगळ्यांना भीती वाटत होती, आणि तरी दुपार झाली की कोणाला दुसरीकडं बसवत नव्हतं.

आई यायची. भाकरीचं डालं ठेवायची. चहूकडं पाहायची. जेवायला कोणी यायचं नाही. मग डालं उचलून परत. हे रोज पाहून एका दुपारी जगदेवला राहवलं नाही. तो साधनाबाईंना सांगू लागला, पण आवाज खुर्चीकडं होता. "वयनी, मोजनी झाली न, त्याच्या मांगून माय एक खेप वावरात आली होती. गुडघा तिचा तसा. धुऱ्यावर चढता येईना. बसली जराशी, आन घरी निंघाली. म्हने, ज्या वावरात मले पाय उचलून चालाव लागते, थे माह्यं वावर नाही. मंग मरेपर्यंत आली नाही. आता धुरा दिसत नाही म्हून येते."

उत्तमरावांना हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? बोलणंच नव्हतं. त्यांना एकदम आठवलं, मोजणीच्या दिवशी दगड रोवताना पट्टी बरोबर बसते की नाही ते त्यांनी स्वतः वाकून वाकून पाहिलं होतं, आणि बरोबर बसली म्हणून आनंदले होते. त्यांना लाज वाटली. इतकी, की विमान त्यांच्या हातून विहिरीत पडलं.

पण गावाला या गोष्टीशी काय देणंघेणं? रिठदला ग्रामसभा बोलावली गेली. विमानतळाला नाव कोणाचं द्यायचं यावर दोन तट पडले होते, आणि ज्यांची वावरं गेली नव्हती ते उपोषणाला बसणार होते, कारण त्यांची गेली नव्हती. सरपंचांनी फोनवर हात जोडले. "उत्तमराव, खेळ असो का काही असो, पुसून टाका आणि पुसल्याचं मला कळवा. गावात डोकी फुटतील." उत्तमराव हो म्हणाले. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. हे सामान काढलं की आई दिसणार नाही, आणि आई दिसली नाही की जगदेव उद्यापासून येणार नाही. हे काय सरपंचांना सांगायचं?

दुपारी जगदेव आला तेव्हा त्यांनी साधनाबाईंना सांगितलं, "त्याले सांग, आज काढून राह्यलो." माह्या वावरातून विमान काढ म्हणून आलेला माणूस, पण आता तोंड भिंतीकडं करून बसला. उत्तमरावांनी फोल्डर निवडलं. काढून टाकायचं का, असं कम्प्युटरनं विचारलं. साधनाबाई पदर सावरत म्हणाल्या, "हात जोडा अन् दाबा." त्यांनी हात जोडले, दाबलं. फोल्डर गेलं. वंशावळीतली बाकीची फोल्डरंही शोधून शोधून काढली. कचऱ्याचा डबाही रिकामा केला. मग खरंच निघालं की नाही हे पाहायला पुन्हा सराव चालू केला, कारण तपासल्याशिवाय कळवायचं कसं?

धावपट्टी गेली होती. शेड गेलं, टाकी गेली, पिशवी गेली. वावर जसंच्या तसं. मधोमध धुरा, त्यावर बाभळी. उत्तमरावांनी विमान खाली आणलं. आणि तिघांनीही एकदम पाहिलं.

आई धुऱ्यावर बसली होती. उत्तमरावांच्या हिश्शाकडून आलेली, डालं बाजूला ठेवलेलं, दुखरा पाय लांब केलेला. पलीकडं उतरता येत नव्हतं. कपाळावर हात आडवा धरून ती जगदेवच्या वावराकडं पाहत होती. सावली अजूनही फक्त तिलाच होती.

मग कॉट करकरली. जगदेव उठला आणि सरळ भावासमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, तुह्याकडं कुदय हाये का?"

दादा हा शब्द त्या घरात किती दिवसांनी आला! उत्तमराव खुर्चीतून उठले. "फावडं हाये," ते कसेबसे म्हणाले. "टोपलं हाये."

"चालन. चाल."

सरकारी मोजणीचे दगड उपटणं हा गुन्हा आहे. हे उत्तमरावांना कलमासकट पाठ होतं, आणि स्कूटरवर मागं फावडं धरून बसलेल्या जगदेवला घेऊन रिठदला पोचेपर्यंत त्यांनी ते एकदाही आठवलं नाही. वावरात ऊन रणरणत होतं. सोमलाची संत्र्याची कलमं माना टाकून उभी होती. धुऱ्यावर कोणी नव्हतं. नुसतं गवत, बाभळीचे काटे आणि मधोमध तो दगड. मग जगदेवनं थुंकी लावून हात चोळले आणि मधोमध, दगडापाशीच, पहिला घाव घालायला फावडं उचललं.

उत्तमरावांचा फोन वाजला. साधनाबाई.

"अवो," त्या कुजबुजत होत्या, शेजारी कोणी मोठं माणूस बसलेलं असावं तसं. "तुमी दोघंबी दिसून राह्यले मले इथं पडद्यावर."

उत्तमरावांनी आभाळाकडं पाहिलं. आभाळ रिकामं होतं.

"अन् भाऊजीले म्हना, तिथं नोका मारू. आत्याबाई तिथंच बसल्या हायत. फावडं लागन पायाले. जरा त्या टोकापासून खोदत या."

उत्तमरावांनी ते जगदेवला सांगितलं. जगदेवनं उचललेलं फावडं हळूच खाली घेतलं. समोर गवत होतं, वारा नसताना जरासं दबलेलं. तो दोन पावलं मागं सरला, आणि त्या रिकाम्या जागेकडं पाहून, लहानपणी वावरात उशीर झाला की बोलायचा तशाच आवाजात म्हणाला, "बस माय. आलोच आमी तिकून. जेवाचं राह्यलं हाये."

आणि दोघं भाऊ धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खोदायला लागले.